गार्टीनची घरं, ओळीनं

किलवारनमध्ये एखादं अक्षर कुणालाच लागलं नाही, की तो कागद डेलिया टूहीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा, ही आमची जुनी रीत. डॉक्टरची चिठ्ठी असो, नाहीतर वारलेल्या मावशीच्या कपाटात सापडलेलं पत्र असो. डेलियानं उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढला होता. अमेरिकेला गेलेली आमची माणसं तिकडून पत्रं धाडायची, आणि पत्ता म्हणून मनाला येईल ते लिहायची. एकानं पाकिटावर नुसतं लिहिलं होतं, 'पॅडीला, ज्याची गाय विहिरीत पडली'. डेलियानं ते पत्र त्याच दिवशी बरोबर त्या पॅडीच्या हातात ठेवलं. पॅडी मात्र भडकला, कारण गाय पडून वीस वर्षं झाली होती आणि गाव ते विसरलं असेल अशी त्याची भाबडी समजूत होती.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर ती घरी बसून लोकरीचे मोजे विणेल असं आम्हाला वाटलं होतं. पण फादर क्विर्क एका सकाळी गाडीतून जाडजूड वह्यांचा गठ्ठा घेऊन तिच्या दारात हजर झाले. आसपासच्या चर्चमधल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवायचं वरून फर्मान निघालं होतं. बॉस्टनहून नि सिडनीहून लोकांची पत्रं यायची, आमचे पणजोबा कुठल्या वाडीचे ते कळवा म्हणून. फादरना वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते अक्षर लागतही नव्हतं. डेलियानं बैठकीच्या खोलीतलं मोठं टेबल मोकळं केलं. तिचा नवरा मॉसी त्या दिवसापासून कुत्र्याशेजारी बसून स्वयंपाकघरात जेवू लागला, आणि कुत्रा तक्रार करत नाही म्हणून त्याला ते जास्तच मानवलं.

या कामात माणसांची नावं काही अवघड नसतात. आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी नावांची टंचाईच होती. दर दुसरा मायकल आणि दर तिसरी मेरी. एका मायकलपासून दुसरा मायकल वेगळा काढायचा तर तो कुठल्या वाडीचा हे कळायला हवं, आणि घोडं नेमकं तिथंच अडतं. दूरच्या जिल्ह्यातून आलेला एखादा फादर, गारठलेली बोटं, पातळ शाई, बाहेर ताटकळलेला घोडा, आणि वाड्यांची आमची ही लांबलचक गेलिक नावं. तो ती कशीबशी खरडून मोकळा व्हायचा. डेलियाचं काम असं चालायचं, की आधी पाव गुंडाळायच्या कोऱ्या कागदावर त्या फादरचे फराटे गिरवत बसायचं. तीन-चार दिवस गिरवले, की हात आपोआप त्याच्यासारखा वळायला लागायचा आणि मग कुठल्या अक्षरापाशी तो कंटाळतो हे हातालाच कळायचं. डोळ्यांपेक्षा तिचा हातावर भरवसा जास्त.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. डेलिया मूळची आमची नव्हे. ती नदीपलीकडच्या ताहरमोर पॅरिशची, स्लॅटरींची मुलगी. लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी पूल ओलांडून आली. पॅरिश म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वीस-पंचवीस वाड्या, एवढाच तिचा जीव. पण आमच्याकडे माणूस जगतो, मरतो आणि मुख्य म्हणजे हर्लिंग खेळतो ते पॅरिशसाठी. ॲश नावाच्या चिवट झाडाची काठी असते, लहानसा कातडी चेंडू असतो, आणि नदीपलीकडच्यांचं नाक खाली करायचं असतं. बाकी नियम दुय्यम.

तेव्हा चाळीस वर्षं डेलियाला एकच प्रश्न ऐकावा लागला. आज कुणाच्या बाजूनं ओरडणार गं? तिच्या मुलानं ताहरमोरविरुद्ध गोल केला, तेव्हा बोहन खाटकाची बायको सगळ्यांदेखत म्हणाली होती, नशीब पोराचं, आईवर गेला नाही. सगळे हसले, डेलियाही हसली. तिनं सासूचं आजारपण काढलं, गावातल्या निम्म्या पोरांना पोस्टाच्या खिडकीतून गोळ्या दिल्या, चर्चचा जिना घासला. तरी कुणी नवखा विचारायला लागला, ही कोण, तर उत्तर ठरलेलं होतं. मॉसी टूहीची बायको, ताहरमोरची. त्या शेवटच्या शब्दाचं तिला दुःख होतं. ती कधी बोलून दाखवायची नाही, पण होतं.

आणि नेमकं नव्वद सालच्या आसपास आमच्या क्लबानं मैदानाला नवं फाटक बांधायला घेतलं. फाटकावर नाव कुणाचं द्यायचं यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं. किलवारननं जिल्ह्याचा चषक आजवर एकदाच जिंकला, आमच्या आजोबांच्या काळात, आणि त्या संघाचा कप्तान होता मार्टिन नॅश. त्याच्याबद्दल आम्ही जे सांगतो त्यातलं निम्मंही खरं असलं तरी पुष्कळ झालं. त्याचा मुलगा कोलमन अजून होता, ऐंशी पार केलेला, एकटा राहणारा, कानानं ठणठणीत आणि गुडघ्यांनी कामातून गेलेला. फाटकाशेजारी एक दगड बसवायचा आणि त्यावर कोरायचं, मार्टिन नॅश, अमुक वाडीत जन्मला. क्लबाचा अध्यक्ष टिमी बोहन खाटीक. त्यानं मटणाच्या पुडक्याबरोबरच डेलियाला हुकूम सोडला, की ती वाडी तेवढी शोधून दे, दगड कापणारा थांबलाय.

डेलियाला वाटलं, एका दुपारचं काम. किलवारनच्या वह्यांत नॅशांची सगळी पोरं ओळीनं सापडली. ब्रिजेट, जॉन, पॅट्रिक, जुळ्या मुली. थोरला मार्टिन तेवढा नाही. तिनं मागची पाच वर्षं चाळली, पुढची चाळली, छे. तिच्याकडे त्याच गठ्ठ्यात ताहरमोरच्याही वह्या होत्या, आणि शेवटी नको नको म्हणत तिनं त्या उघडल्या. तिथं तो होता. मार्टिन, बाप मायकल नॅश, आई होनोरा कलिगन. पुढे वाडीचं नाव, आणि वाड्यांच्या त्या अख्ख्या रकान्यावर कधीतरी पाण्याचा ओघळ येऊन शाई पसरलेली. पहिलं अक्षर ग, शेवटी एक शेपूट, मधे नुसता ढग.

अजून सगळं बिघडलं नव्हतं. नदीच्या अलीकडच्या काठाला ग्लानरो नावाची आमची वाडी आहे. तिथल्या माणसांना आमच्या चर्चपेक्षा पलीकडचं चर्च जवळ पडायचं, तेव्हा बाळाला घेऊन ती उतारावरून पलीकडे जायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाव ग्लानरो असलं तर मार्टिन नॅश आमचाच, बाप्तिस्म्याचं पाणी तेवढं परकं. पण पलीकडेही ग पासून सुरू होणारी एक वाडी आहे, गार्टीन. आणि गार्टीन म्हणजे डेलियाचं माहेर.

आठवडाभर ती त्या डागापुढे बसून राहिली. भिंग घेतलं, खिडकीशी धरलं, पावाच्या कागदावर फादरचा फराटा गिरवून गिरवून हात दुखायला आला. हाताला दोन्ही नावं सारखीच येत होती. तिला मनापासून ते ग्लानरो व्हायला हवं होतं. इतकं हवं होतं, की एका सकाळी तिला त्या ढगात ल स्पष्ट दिसायला लागला, आणि तेव्हा ती घाबरून उठली आणि चष्मा काढून ठेवून दिला. हवं ते दिसायला लागलं की काम बंद करायचं, हे तिनं स्वतःला पूर्वीच बजावलेलं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या वहिनीचा, भाऊ पॅकीच्या बायकोचा फोन आला. गार्टीनमध्ये यंदा घरची मिस्सा स्लॅटरींकडे येणार, म्हणून वहिनी हैराण झाली होती. हे घरच्या मिस्सेचं प्रकरण आमच्याकडे अजून चालतं. वर्षातून दोनदा फादर चर्च सोडून वाडीतल्या एका घरी येतात, तिथं मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होते, मग भरपेट न्याहारी. घरं ठरलेल्या क्रमानं, टेकडीच्या माथ्यापासून खाली. ज्याचा क्रम येईल त्यानं घर आतून-बाहेरून रंगवायचं, पडदे बदलायचे आणि शेजाऱ्यांपुढे नाक वर ठेवायचं. वहिनीची कुरकुर अशी, की अजून सहा महिने हातात असायला हवे होते. पण रोशांनंतर कलिगनांचं घर यायचं ते कधीच पडून गेलं, त्यामुळे रोशांनंतर थेट आपणच.

डेलिया फोनवर पुढचं काही ऐकेना. ती हूं हूं करत राहिली, फोन ठेवला आणि टेबलापाशी आली.

जुन्या काळी फादर मिस्सेला आले, की त्याच घरात वाडीतल्या सगळ्या तान्ह्या पोरांचे बाप्तिस्मे उरकून टाकायचे. माणसं रांगेत उभी राहायची ती घरांच्या क्रमानंच, माथ्यावरचं घर पहिलं. आजही तशीच उभी राहतात; भांडण नको असेल तर दुसरा उपाय नाही. डेलियानं पान पुढे ओढलं. एकाच तारखेच्या सहा नोंदी होत्या. हेझ, डॉनलन, ड्वायर, रोश, नॅश, स्लॅटरी. गार्टीनची घरं माथ्यापासून खाली, तिच्या लहानपणी ती शाळेला उतरायची तशीच्या तशी. मधे नॅश तेवढा उपरा. गार्टीनमध्ये नॅश कधीच नव्हते, म्हणून आठवडाभर तिचं लक्ष त्या ओळीवर ठरलंच नव्हतं. सगळे बापाचंच नाव बघतात, तिनंही तेच बघितलं. पण आईचं नाव होतं कलिगन, आणि रोश नि स्लॅटरी यांच्या मधे कलिगनांचंच घर.

होनोरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. दुसरं काय! आमच्याकडे पहिलटकरीण आईपाशी जायची, बाळानं जरा बाळसं धरलं की सासरी परतायची. बाप बिचारा बाप्तिस्म्याला पूल ओलांडून आला आणि सासऱ्याच्या घराच्या जागी रांगेत उभा राहिला. डेलियाला ते इतकं लख्ख दिसलं की तिला हसू फुटलं. काम फत्ते झाल्याचं सुख तिला झालं, आणि ते तिनं पुरतं भोगलंही. किटली ठेवली, लोण्याचा जाड थर लावून पाव खाल्ला. आणि शेवटचा घास गिळता गिळता तिच्या लक्षात आलं, की आता हे आपल्याला सांगावं लागणार. मार्टिन नॅश ताहरमोरमध्ये जन्मला, आणि कुठं, तर स्लॅटरींच्या शेजारच्या घरात. हे सांगणार कोण, तर स्लॅटरींची मुलगी. चाळीस वर्षांचं काय होईल ते तिला दिसत होतं.

मॉसीला तिनं रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. त्यानं बराच वेळ बटाटा सोलला. मग तो म्हणाला की तुला जे वाचता आलं ते तू लिहिणारच, मी तुला ओळखत नाही का. पण बैठकीला मला नेऊ नकोस, माझं बोहनकडे मटणाचं खातं आहे. डेलियाला राग आला आणि हसूही आलं.

टिमी बोहनला वास लागायला वेळ लागला नाही. तो स्वतः घरी आला, टोपी हातात घेऊन, म्हणजे काम अवघड असणार. डेलियानं पान दाखवलं, घरांचा क्रम समजावला. टिमीनं सगळं नीट ऐकून घेतलं, तो मूर्ख मुळीच नाही. मग त्यानं त्या डागावर आपलं जाडजूड बोट ठेवलं.

"डेलिया, हा काय आहे?"

"डाग."

"मग डागच राहू दे ना. ग आहे, आपलीही वाडी ग वरनं आहे. कोण येणार आहे बघायला? तू म्हणालीस ग्लानरो, तर ग्लानरो. तुझ्या शब्दापुढे इथं कुणी जात नाही." आणि जाता जाता, दारात, अगदी सहज म्हणाल्यासारखं तो म्हणाला, "एवढी वर्षं इथलं मीठ खाल्लंस. एकदा आमच्या बाजूनं वाच की."

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी टिमीची बाजू म्हणून नाही सांगत, तो तसा आहेच. पण 'आमच्या बाजूनं' हे शब्द डेलियाला लागायचे तिथं लागले. तो जे देऊ करत होता तेच तर तिला चाळीस वर्षं हवं होतं, आणि तेही इतक्या स्वस्तात, एका डागाच्या मोबदल्यात.

दोन दिवसांनी पलीकडून भाऊ उगवला. पॅकी स्लॅटरी, गाल लाल, हातात अंड्यांची टोपली. दगडासाठी नॅशची वाडी शोधतायत ही बातमी पलीकडेही पोचली होती; कलिगनांचं नाव निघताच फोनवर नणंदेचं लक्ष उडालं, त्यावरून वहिनीनं दोन आणि दोन जोडून केव्हाच चार केले होते, आणि ताहरमोरभर बोभाटा झाला होता की किलवारनचा देव आपल्या कलिगनांच्या घरात जन्मला. पॅकीला ते सही-शिक्क्यानिशी लिहून हवं होतं, दारूच्या दुकानात काच लावून टांगायला. डेलिया नाही म्हणाली. पॅकीला खरंच वाईट वाटलं. तू आमची ना गं डेली, तो म्हणत राहिला. तिनं त्याला चहा पाजला, अंडी ठेवून घेतली आणि वाटेला लावलं. दोन्हीकडून एकच मागणं, हे पाहून त्या दिवशी ती चांगलीच वैतागली. भांडी इतकी आदळली की कुत्रा अंगणात जाऊन बसला.

मग तिनं ठरवलं की हे आधी ज्याच्या बापाचं आहे त्याला कळायला हवं. समितीला नाही, पॅकीला नाही. ती घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन कोलमन नॅशकडे गेली.

कोलमन शेकोटीशी बसला होता. त्याच्या बापाचं एकमेव चित्र भिंतीवर, मिशा आणि काठी. डेलियाला वाटलं होतं म्हातारा दुखावला जाईल. तिनं सगळं सांगितलं, घरं ओळीनं सांगितली, त्याच्या आजीचं नाव सांगितलं.  मग त्यानं विचारलं की कलिगनांचं घर नेमकं कुठं होतं, विहिरीच्या वर की खाली. विहिरीच्या वर, ती म्हणाली, एक भिंत अजून उभी आहे, आमच्या अंगणातून दिसायची. तिथून नदी दिसते का, त्यानं विचारलं. दिसते. मग तो म्हणाला की आपल्या आजीबद्दल आजवर कुणी एक शब्द त्याला सांगितला नव्हता, ती होनोरा होती एवढंच थडग्यावर आहे. बापाबद्दल ऐकून ऐकून कान किटले, पण आजी कुठल्या अंगणात वाढली ते आज कळलं. त्यानं ॲपल-पायचा दुसरा तुकडा मागितला. बैठकीबद्दल तो काही बोलला नाही आणि डेलियानंही विचारलं नाही.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. आमच्याकडे क्लबाच्या बैठकीला एरवी सात-आठ टाळकी येतात. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. मॉसी येणार नव्हता तोही आला आणि मागच्या दारापाशी उभा राहिला. कोलमनला दोघांनी आधार देऊन पुढे आणून बसवलं. टिमीनं डेलियाला बोलायला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की अजूनही वेळ गेलेली नाही बाई.

डेलिया उभी राहिली. तिनं लांबण लावली नाही. मार्टिन नॅश गार्टीनमध्ये जन्मला, ती म्हणाली, ताहरमोर पॅरिशमध्ये, त्याच्या आईच्या आईकडे. मग तिनं पान कसं वाचलं ते सांगितलं, सहा घरं माथ्यापासून खाली. 

 मग कुजबुज सुरू झाली, आणि त्या कुजबुजीतून कुणीतरी, कोण ते मला माहीत आहे पण नाव घेत नाही, मोठ्यानं म्हणालं, "शेवटी ही तिकडचीच." कुणी हसलं नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. डेलिया तशीच उभी होती. तिला खाली बसायचं सुचेना.

कोलमन नॅशनं काठी टेकली आणि उठायला लागला. दोघे धावले, त्यानं त्यांना झटकलं. उठायला त्याला इतका वेळ लागला की तोवर सगळे चूप झाले.

"माझा बाप नदीपलीकडे जन्मला," तो म्हणाला. "महिन्याचा होता तेव्हा आईनं त्याला शालीत गुंडाळून पुलावरून इकडं आणला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला आणला, म्हणून तो आपला झाला, आणि तुम्ही त्याचं नाव फाटकावर लावताय." मग त्यानं डेलियाकडे बोट केलं. "ही बाई चोवीस वर्षांची असताना तोच पूल ओलांडून आली. आपल्या पायांनी आली. आपल्या मनानं आली, आणि राहिली. ज्याला उचलून आणला तो आपला, आणि जी आपण होऊन आली ती तिकडची? मला कुणीतरी हे समजावून सांगा, मी बसतो."

आणि तो बसला.  आमच्या हॉलमध्ये बायका निम्म्या तरी असतील, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पुलावरून आलेली. टिमी बोहनची बायको ग्लेनमोरची. तिनं कपाळाला हात लावला आणि डेलियाकडे बघितलं, आणि डेलिया तिच्याकडे बघून रडायला लागली. मॉसी दारापासून पुढे आला. एवढ्या माणसांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवलेला टूही आम्ही कुणी पूर्वी पाहिला नव्हता.

टिमी बोहन खाटीक असला तरी गडी मनाचा मोठा. त्यानं घसा खाकरून विचारलं की डेलिया, आईच्या माहेरी जन्मला असं दगडावर नीट बसेल का. बसेल, ती म्हणाली, नाक पुसत. मग तसंच कोरा, टिमी म्हणाला, आणि आईचं नावही घाला, अक्षर मोठं घ्या. ते ठरलं आणि बैठक चहाकडे वळली.

फाटक मे महिन्यात उघडलं. ऊन चांगलं पडलं होतं. फादर क्विर्कनी पाणी शिंपडलं, कोलमननं फीत कापली, आणि दगडावर मार्टिनच्या नावाखाली होनोरा कलिगन, गार्टीन, असं ठळक दिसत होतं. ताहरमोरची माणसं दोन गाड्या भरून आली होती, पॅकी सगळ्यांत पुढे, बारशाला आल्यासारखा नटून. आल्या आल्या त्यानं दगडावर थाप मारून जाहीर केलं की यातलं निम्मं आमचं आहे.

"बाळंतपण तेवढं तुमचं," टिमी म्हणाला. "बाकी सगळं आमचं." आणि टेबलामागे उभ्या असलेल्या डेलियाकडे त्यानं मान उडवली. "ही पण."

पॅकीनं बहिणीकडे पाहिलं. हसत होता, पण विचारत होता खरंच. "काय गं डेली? खरं का हे?"

पाहुण्यांना चहा देण्याचं काम त्या दिवशी किलवारनच्या बायकांकडे होतं. डेलियाच्या हातात किटली होती.

"खरं," ती म्हणाली. "तुला साखर किती?"